साखरेचा आकडा म्हणजे गुन्ह्याचा पुरावा नव्हे

(नोव्हेंबर महिन्यातील वार्षिक कार्यकर्ता शिबिरात वसतिगृहांचे वॉर्डन, बालवाडी शिक्षिका व आरोग्यसेवक यांच्यासमोर केलेले भाषण. वाचकांच्या सोयीसाठी थोडे संक्षिप्त केले आहे.)



आज १४ नोव्हेंबर. सकाळी आपल्या बालवाड्यांतून बालदिन साजरा झाला. मुलांनी गाणी म्हटली, खाऊ वाटला गेला. हाच दिवस जगभर मधुमेह दिन म्हणूनही पाळला जातो, कारण इन्सुलिनचा शोध लावणाऱ्यांपैकी एक, कॅनडाचे डॉक्टर फ्रेडरिक बँटिंग, यांचा जन्म १८९१ साली याच दिवशी झाला. मुलांचा आणि इन्सुलिनचा दिवस एकच आला याचा मला आनंद वाटतो, कारण आज मला एका मुलाविषयी आणि इन्सुलिनविषयीच बोलायचे आहे. त्यात माझी एक चूकही आहे. ती मी आजवर फक्त वॉर्डनना आणि त्या मुलाच्या आईवडिलांना सांगितली होती. आज तुम्हां सर्वांना सांगते.

आधी माझ्याविषयी थोडे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे की मी २२ वर्षे इन्सुलिन घेते. ईश्वरविद्येच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना मला एकाएकी खूप तहान लागू लागली. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावे लागे. कपडे सैल झाले. मैत्रिणी म्हणत, "अभ्यासाने वाळलीस." वर्गात फळ्यावरची अक्षरे पुसट दिसू लागली तेव्हा दवाखान्यात गेले, आणि कळले की माझ्या शरीरात इन्सुलिन तयार होणे जवळजवळ थांबले आहे. गोळ्यांनी भागणार नव्हते. त्या दिवसापासून सुई सुरू झाली ती आजतागायत.

लोकांना वाटते, सुई घेतली की साखर ताब्यात. तसे नसते. तीच सुई, तेवढीच भाकरी, तेवढेच चालणे, तरी एके दिवशी सकाळी आकडा ९६ येतो आणि दुसऱ्या दिवशी २८४. कधी कारण सापडते, कधी नाही. निरोगी माणसाच्या शरीरात स्वादुपिंड दर क्षणाला साखर जोखते आणि लागेल तेवढेच इन्सुलिन सोडते. आम्ही मात्र दिवसातून दोनदा किंवा चारदा अंदाजाने डोस भरतो. अंदाज हा अंदाजच. एवढे मनात ठेवून पुढचे ऐका.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या वसतिगृहात सहावीत एक वारली मुलगा होता. नाव सांगत नाही. जव्हार-मोखाड्याकडच्या एका पाड्यावरचा. त्याला दहाव्या वर्षी मधुमेह निघाला होता. वसतिगृहात ठेवण्याचे मुख्य कारण हेच, की आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, आणि भट्टीवर सुई, जेवणाच्या वेळा, औषध थंड ठेवणे हे सगळे जमणे कठीण. त्याला सकाळ-संध्याकाळ मिश्र इन्सुलिन दिले जाई, बाटलीतून सिरिंजने. संध्याकाळचा डोस १२ युनिट. साखर वर-खाली होई, पण बेताने.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परत आला आणि त्याची साखर चढू लागली. ३१०. ३६०. एकदा ४१०. मी त्याला जवळ बोलावून विचारले, "घरी काय खाल्लंस?" तो म्हणाला, "काही नाही." मी विचारले, "लाडू?" तो म्हणाला, "नाही ताई." मला ते पटले नाही. वसतिगृहात त्या आठवड्यात दात्यांनी पाठवलेला फराळ होता. डब्यात लाडू कमी भरले होते. मी त्याच्या पेटीची झडती घेतली, इतर मुलांसमोर. काही सापडले नाही. तरी मी त्याला म्हटले, "खोटं बोलशील तर तुझंच नुकसान आहे." तो खाली बघत राहिला.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी वहीतले आकडे ऐकून डोस वाढवायला सांगितले. १२ चे १८ केले, मग २४, मग २८. तेव्हा कुठे साखर खाली आली. १७०, १५५, १४०. आम्हांला हायसे वाटले. मी प्रार्थनेच्या वेळी सर्व मुलांसमोर म्हटले, "बघा, आपला भाऊ आता नीट वागू लागला आहे." हे वाक्य मला आजही टोचते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सिरिंजचे खोके संपले. वॉर्डनांनी गावातल्या मेडिकलमधून नवीन आणल्या. त्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे २८ युनिट भरून दिले. मुलगा जेवला, अभ्यास केला, झोपला. रात्री दीडच्या सुमारास शेजारच्या खाटेवरचा मोठा मुलगा धावत आला. "ताई, तो कसंतरी करतोय." जाऊन पाहते तो अंथरूण घामाने भिजलेले, हातपाय झटके देत होते, डोळे फिरलेले. साखर मोजली तर यंत्राने आकडाच दाखवला नाही. 'लो' एवढेच. म्हणजे मोजता येणार नाही इतकी कमी.

त्याला कुशीवर वळवले. तोंडात काही घालता येत नव्हते. १०८ ला फोन केला. गाडी यायला ४० मिनिटे लागली. ती ४० मिनिटे मी कशी काढली ते देवालाच ठाऊक. रुग्णालयात शिरेतून ग्लुकोज दिले आणि काही मिनिटांत त्याने डोळे उघडले. मला ओळखले आणि पहिले वाक्य बोलला ते असे: "ताई, मी लाडू नव्हता खाल्ला."

मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले.

पहाटे तिथल्या परिचारिकाताईंनी साधा प्रश्न विचारला. "सिरिंज कुठली वापरता? दाखवा." मी सकाळी वसतिगृहातून दोन्ही आणून दाखवल्या, जुन्या खोक्यातली उरलेली एक आणि नवी. जुनीचे टोपण नारिंगी होते, नवीचे लाल. त्यांनी कपाळावर हात मारला.

आता नीट ऐका, कारण हे प्रत्येक वसतिगृहात कळायला हवे. आपल्याकडे मिळणाऱ्या इन्सुलिनच्या बाटल्यांमध्ये बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात. त्यासाठीची सिरिंज लाल टोपणाची, तिच्यावर एका मिलिलिटरला ४० रेघा. पेनमधले आणि काही बाटल्यांतले इन्सुलिन एका मिलिलिटरला १०० युनिटचे असते. त्यासाठीची सिरिंज नारिंगी टोपणाची, तिच्यावर १०० रेघा. ४० च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजने १२ रेघा भरल्या तर हातात १२ युनिट येत नाहीत. पाचाहूनही थोडे कमी येतात. म्हणून साखर चढली. आम्ही रेघा वाढवत २८ वर गेलो तेव्हा खरे तर त्याला सुमारे ११ युनिट मिळू लागले, म्हणजे जवळजवळ त्याचा जुनाच डोस. म्हणून साखर खाली आली. त्याच्या वागण्याचा त्यात काही संबंध नव्हता. आणि त्या रात्री लाल सिरिंजने २८ रेघा भरल्या तेव्हा खरोखरचे २८ युनिट गेले. दुपटीपेक्षा जास्त.

नारिंगी सिरिंजचे ते खोके कोणी आणले होते? मी. मदत म्हणून आलेल्या सामानात ते होते. मी स्वतः गेली काही वर्षे पेन वापरते, त्यामुळे बाटली आणि सिरिंजची जोडी जुळवायची असते हे माझ्या डोक्यातून गेले होते. 'सिरिंज ती सिरिंज' म्हणून मी ते खोके कपाटात ठेवले. चूक माझी, झडती त्या मुलाची.

योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाची गोष्ट आहे. शिष्य त्याला पाहून पहिला प्रश्न विचारतात, पाप कोणी केले, ह्याने की ह्याच्या आईबापांनी? येशू तो प्रश्नच बाजूला सारतो. डिप्लोमाच्या परीक्षेत मी या उताऱ्यावर दोन पाने लिहिली होती आणि चांगले गुण मिळवले होते. पण ग्लुकोमीटरवर ४१० पाहिल्यावर माझ्या तोंडून शिष्यांचाच प्रश्न निघाला. "काय खाल्लंस?" म्हणजे, "काय पाप केलंस?"

त्या दिवसापासून मी एक नियम केला. साखरेचा आकडा हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे, ती बातमी आहे. आकडा वर आला की "काय खाल्लंस?" असे न विचारता "चल, शोधू या," असे म्हणायचे. मग क्रमाने शोधायचे. तो क्रम मी आज तुम्हांला देते.

पहिले, औषध आणि सुई तपासा. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का? मुदत संपली नाही ना? मिश्र इन्सुलिन दुधट असते. ते भरण्याआधी बाटली दोन्ही तळव्यांमध्ये हलक्या हाताने दहा-वीस वेळा फिरवावी लागते, नाहीतर खाली बसलेले औषध एके दिवशी कमी आणि दुसऱ्या दिवशी जास्त येते. जोरात हलवायचे नाही, फेस होतो. फिरवूनही गुठळ्या राहिल्या तर ती बाटली वापरू नका. पाण्यासारखे स्वच्छ असणारे इन्सुलिन गढूळ झाले तर तेही टाकून द्या.

न उघडलेली बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवावी. वापरात घेतलेली बाटली साधारण महिनाभर घरातल्या थंड जागी चालते. तिचे शत्रू तीन: ऊन, चूल आणि बर्फ. बर्फाला टेकून गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी निकामीच. पाड्यावर फ्रिज नसतो, असला तर वीज नसते. तिथे दोन मातीची भांडी घ्या, एकात एक ठेवा, मध्ये वाळू घालून ती ओली ठेवा, आणि आतल्या भांड्यात प्लास्टिकच्या डबीत बाटली ठेवून वर ओले फडके टाका. उन्हाळ्यात याचा चांगला उपयोग होतो. पावसाळ्यात हवा दमट असल्याने भांडे तितके गार होत नाही, पण तेव्हा आपल्याकडे उकाडाही कमी असतो.

दुसरे, सुई टोचायची जागा हाताने चाचपा. एकाच जागी रोज टोचले की कातडीखाली मऊ गाठी होतात. तिथे दुखत नाही म्हणून मुले मुद्दाम तिथेच टोचतात. पण गाठीतून इन्सुलिन कधी हळू शिरते, कधी एकदम. साखर बेभरवशाची होण्याचे हे फार मोठे कारण आहे आणि ते शोधायला पैसा लागत नाही, बोटे लागतात. पोट, मांड्या अशा जागा बदलत राहा आणि प्रत्येक टोचणीत बोटभर अंतर ठेवा. एक सावधगिरी: गाठीची जागा सोडून चांगल्या जागी टोचू लागलो की तोच डोस जास्त लागू पडतो. म्हणून डॉक्टरांना सांगूनच बदल करा आणि त्या दिवसांत साखर जास्त वेळा तपासा.

तिसरे, तपासणी खरी आहे का ते पाहा. हातावर आंब्याचा रस किंवा गूळ असेल तर आकडा खोटा वाढतो. हात धुऊन, कोरडे करून मगच टोचा. पट्ट्यांची डबी उघडी ठेवू नका. आपल्या पावसात त्या दमटपणाने खराब होतात.

याच ठिकाणी सिकलसेलविषयी सांगते. आपल्या आदिवासी भागांत हा आजार आहे हे तुम्ही जाणता. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी नावाची तपासणी लाल पेशींवर अवलंबून असते. सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे हा आकडा खोटा कमी येऊ शकतो. ॲनिमियातही तो चुकू शकतो. आणि सरासरी बरोबर असली तरी ती झोके लपवते. ६० आणि ३०० यांची सरासरीही १८० येते. म्हणून सिकलसेलची तपासणी झालेली असेल तर तो कागद डॉक्टरांना दाखवा, आणि रोजची वही सोबत न्या.

चौथे, जेवण आणि वेळ. साधे आणि मिश्र इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचे असते. वसतिगृहात सुई सहाला आणि जेवण साडेसातला, असे होत असेल तर दोष मुलाचा नाही, घंटेचा आहे. सुई दिली की जेवण मिळालेच पाहिजे. भाताची पातळ पेज साखर लवकर वाढवते. नाचणीची भाकरी आणि उडदाचे बेसन त्यामानाने सावकाश. भात बंद करा असे मी म्हणत नाही. आपल्या लोकांना वर्षातले काही महिने तोच असतो. पण रोज साधारण तेवढाच असावा आणि सोबत डाळ, भाजी, सुकी मासळी असावी. उपवासकाळात इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नये. देवाला आपली बेशुद्धी नको आहे.

पाचवे, कष्ट. जुलैत लावणीला दिवसभर चिखलात वाकलेला माणूस, तीन तास डोंगर चढून पाणी आणणारी बाई, संध्याकाळभर फुटबॉल खेळलेला मुलगा, यांची साखर तेव्हाच नव्हे तर त्या रात्रीही घसरू शकते. रिकामे झालेले स्नायू रात्रभर रक्तातली साखर ओढून घेत राहतात. क्रीडास्पर्धेच्या दिवशी अशा मुलाची साखर झोपण्याआधी तपासायचीच, आणि कमी वाटली तर खायला द्यायचे. कष्टाच्या दिवशी डोस किती कमी करायचा हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

सहावे, आजारपण. ताप, मलेरिया, जुलाब यांत माणूस जेवत नाही म्हणून घरचे सुई बंद करतात. ही चूक जीव घेते. आजारात शरीर स्वतःच साखर वाढवते. इन्सुलिन पूर्ण बंद केले तर रक्तात आम्ल साचते, पोट दुखते, उलट्या होतात, श्वास खोल आणि भराभर चालतो, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. अशी लक्षणे दिसली की थांबू नका, रुग्णालयात न्या. बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. पाळी येण्याआधीच्या दिवसांत अनेकींची साखर चढते. मुली हे वॉर्डनला सांगायला लाजतात. आपणच विचारावे.

सातवे, दारू आणि ताडी. दारू पोटात गेली की यकृत तिच्यामागे लागते आणि साखर सोडण्याचे त्याचे काम मागे पडते. इन्सुलिन घेतलेला माणूस उपाशीपोटी प्याला तर काही तासांनी, झोपेत, साखर कोसळते. लोक म्हणतात, "चढलीय, पडू दे." सकाळी तो उठत नाही.

आणि आठवे, निदान. आपल्या भागात काही तरुण अगदी हडकुळे असतात, लहानपणी अर्धपोटी वाढलेले, आणि त्यांना मधुमेह निघतो. असा मधुमेह १९५५ मध्ये जमैकात नोंदवला गेला होता, पण नंतर तो मागे पडला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी त्यावर पुष्कळ काम केले, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह फेडरेशनने त्याला 'टाइप ५' असे स्वतंत्र नाव मान्य केले. यांच्या शरीरात इन्सुलिन कमी असते, पण अगदीच नसते असे नाही. त्यांना मोठा डोस दिला आणि घरात खायला पुरेसे नसले तर साखर धोकादायक घसरते. निदान करणे आपले काम नव्हे. पण "हा मुलगा कुपोषित होता, वर्षातले इतके महिने घरात धान्य नसते," ही माहिती डॉक्टरांच्या टेबलापर्यंत नेणे आपलेच काम आहे. ती दुसरे कोणी नेणार नाही.

आता साखर घसरली तर काय करायचे ते. घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणे. ७० च्या खाली आकडा म्हणजे साखर कमी. यंत्र जवळ नसेल तर वाट पाहू नका, कमी आहे असेच धरा. मोठ्या माणसाला चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. लहान मुलांसाठी प्रमाण डॉक्टरांना विचारून भिंतीवर लिहून ठेवा. १५ मिनिटे थांबा, पुन्हा तपासा. अजून कमी असेल तर पुन्हा तेवढेच. वर आली की भाकरी किंवा भात. चॉकलेट, बिस्किट यावर विसंबू नका, त्यांतली साखर हळू चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका, घशात अडकते. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, सोबत थांबा.

हे मला पुस्तकातून कळले तसे अंगावर येऊनही कळले आहे. काही वर्षांपूर्वी एका पाड्यावरून दुसऱ्याकडे जाताना चढणीवर माझे पाय लटपटले. मी वाटेत बसून काहीतरी बडबडू लागले. दोघीतिघी जमल्या. एक म्हणाली, "बाईला बाहेरचं लागलंय, भगताला बोलवा." तेवढ्यात एक वारली आजी पुढे आली. तिने माझा हात धरला, घाम पाहिला, आणि कोऱ्या चहात मूठभर गूळ घालून मला प्यायला लावला. तिच्या सुनेला साखरेचा आजार होता. तिला १५ मिनिटांचा नियम कोणी शिकवला नव्हता, पण थंड घाम तिने ओळखला. भगत आला तेव्हा मी शुद्धीवर होते. आम्ही दोघांनी उरलेला चहा घेतला. त्याला मी सगळे समजावून सांगितले. आज त्या पाड्यावर कोणी असे पडले तर तोच आधी गूळ मागवतो. भगताशी भांडून आपल्याला हे मिळाले नसते.

भगताचे बोलले तसे आपलेही बोलते. प्रार्थनेनंतर 'आता विश्वासाने सुई सोड' असे सांगणारे आपल्या मंडळ्यांतही आहेत. बंधूंनो, हे करू नका. मी रोज प्रार्थना करते आणि रोज सुई घेते. १९२२ च्या जानेवारीत टोरंटोमध्ये लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनची पहिली सुई दिली गेली. ती नीट लागू पडली नाही, औषध अशुद्ध होते, उलट त्रासच झाला. माणसांनी हात टेकले नाहीत. १२ दिवसांनी जास्त शुद्ध केलेले औषध दिले आणि मुलगा सावरला. त्याआधी असे मूल हाती आले की आईबापांनी शेवटचे दिवस मोजायचे, एवढेच उरे. मी हा शोध देवाच्या दयेचे उत्तर मानते. आलेले उत्तर परत पाठवून आणखी काय मागायचे?

शेवटी तीन गोष्टी तुमच्याकडे मागते. प्रत्येक वसतिगृहात इन्सुलिनच्या कपाटावर आतून एक कागद चिकटवा: बाटली ४० तर टोपण लाल, रेघा ४०. नवीन खोके आले की दोघांनी मिळून पाहायचे. दात्यांनाही प्रेमाची विनंती, औषध किंवा साहित्य पाठवण्याआधी एक फोन करा. दुसरी गोष्ट, अशा मुलाच्या शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्याला सगळे शिकवा आणि त्याच्या उशाखाली साखरेची पुडी ठेवा. त्या रात्री जीव वाचवला तो मी नव्हे, शेजारच्या मुलाने. तिसरी गोष्ट, आकडा पाहून चेहरा बदलू नका. चेहरा बदलला की मुले खोटे आकडे लिहू लागतात, आणि खोट्या वहीवर दिलेला डोस खराच असतो.

रुग्णालयातून परत आल्यावर मी त्या मुलाची सगळ्या मुलांसमोर क्षमा मागितली. झडती सगळ्यांसमोर घेतली होती, म्हणून क्षमाही सगळ्यांसमोर. त्याने लगेच काही उत्तर दिले नाही. लाजला आणि पळाला. नंतर महिनाभर तो माझ्याशी बेताने बोले. ते त्याच्या बाजूने योग्यच होते.

आता तो आठवीत आहे. सुई स्वतः भरतो, पण भरल्यावर दिव्याकडे धरून दुसऱ्या कोणालातरी रेघ मोजायला लावतो. स्वतःची वही ठेवतो. गेल्या महिन्यात मी ती पाहिली. एका ओळीत २९५ होते, आणि पुढे त्याच्या अक्षरात लिहिले होते: 'कारण माहीत नाही. उद्या शोधू.'

त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या सर्वांसाठी प्रार्थना करा. आणि घरी गेल्यावर आधी कपाट उघडून सिरिंजचे टोपण पाहा.

देव तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.